शालीकरामच्या कार्डावरचे दोन ठिपके

१

"दादा, शालीकराम अजून शुद्धीवर नाही आला. आन् मॅडम म्हणून राहिल्या का मीच केलं."

रचनाचा फोन आला तेव्हा मी गोंदियाजवळच्या गोरेगावला माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फळ्यावर लिहीत होतो. हातातला खडू गळून पडला. पोरं हसली. मला मात्र दरदरून घाम फुटला होता.

आधीच सांगून टाकतो, मी भित्रा माणूस आहे. दारात पोस्टमन दिसला तरी माझ्या छातीत धडधडतं. गुन्ह्याचा छडा लावणारे लोक मोठे धीराचे असतात म्हणतात. असतील. मी त्यातला नाही, आणि त्या दिवशी तर अजिबातच नव्हतो.

रचना माझी धाकटी बहीण. गोंदियातल्या वीस खाटांच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. शालीकराम हा कामठ्याचा माणूस, पायाला विळा लागून जखम चिघळली म्हणून तिथे भरती झालेला. आदल्या दिवशी दुपारी चारला रचनाने त्याला इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत त्याचा चेहरा सुजला, श्वास अडकला, डोळे फिरले. ते औषध त्याला चालत नव्हतं, आणि तसं त्याच्या कार्डावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"फाईल लॅबमध्ये गेली होती दादा. म्हणून मी रोजच्यासारखं मशीनमध्ये टाकलं. लाल पडदा नाही आला, बझर नाही वाजला, तं दिलं. आन् आज सकाळी मॅडमनं सगळ्यांसमोर तपासलं तं वाजला! आता मी खोटारडी झाली. चार वाजता पोलीस येऊन राहिले. तू ये ना."

ती ज्याला मशीन म्हणत होती तो एक प्रोग्राम होता. नर्सने खाटेचा नंबर आणि औषधाचं नाव टाकायचं. रुग्णाच्या कार्डावर त्या औषधाची ॲलर्जी लिहिलेली असेल तर पडदा लाल होतो आणि बझर कोकलतो. बाकी काही नाही.

तो प्रोग्राम तीन वर्षांपूर्वी मीच लिहिला होता.

मी मोटारसायकल काढली. किल्ली लावताना ती दोनदा खाली पडली.

२

दवाखान्याच्या दाराशी बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर डबा, डब्याला फडकं बांधलेलं. आदल्या दिवशी नवऱ्यासाठी आणलेला तो डबा तिने अजून सोडला नव्हता. शालीकरामची बायको, सुशिलाबाई. तिने मान वर केली तसा मी नजर चुकवून आत सटकलो. तिच्या डोळ्याला डोळा भिडवायची माझी हिंमत झाली नाही.

दवाखाना डॉ. योगेश्वरी कटरे यांचा. बाई हुशार, हाताला गुण आहे, पण बोलणं तोडून टाकणारं.

"बुद्धभूषण सर, तुमची बहीण आहे म्हणून ऐकून घेते," त्या म्हणाल्या. "काल इंजेक्शन मी फोनवर सांगितलं. कार्ड समोर नव्हतं. ती माझी चूक, मी मानते. पण मशीन कशासाठी आहे? हे बघा."

त्यांनी शालीकरामचा नंबर टाकला, औषध टाकलं. पडदा लालभडक झाला आणि बझर असा किंचाळला की मी चक्क मागे सरकलो.

"सकाळपासून दहा वेळा केलं. दहाही वेळा वाजला. औषधाची खिडकी वॉर्डाला लागून आहे, तिथे ओमेश बसतो. काल बझर ऐकला नाही म्हणतो. मग सीधी बात आहे. रचनाने मशीनमध्ये टाकलंच नाही. आळस केला, सुई दिली, आणि आता झाकून राहिली आहे."

रचना कोपऱ्यात उभी होती. रडून रडून डोळे सुजले होते. माझ्याकडे बघून फक्त मान हलवली, नाही म्हणून.

आता नीट विचार करायला हवा होता, पण भीतीने डोकं चालत नव्हतं. रचना लहानपणी खोटं बोलली की कानाची पाळी ओढायची. आता तिचे दोन्ही हात ओढणीत घट्ट गुंडाळलेले होते. ती खरं बोलत होती. पण पोलिसांना काय मी कानाच्या पाळीचा पुरावा देणार होतो?

"मॅडम, मला चार वाजेपर्यंत वेळ द्या," मी म्हणालो.

"मी काय घड्याळ थांबवणार आहे?" त्या म्हणाल्या. "आणि एक सांगते. मशीन ठीक आहे याची खात्री झाली म्हणून राउंड सुरू ठेवली आहे. चारची इंजेक्शनं वेळेवर जातील."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. याची आठवण आली की अजून अंगावर काटा येतो.

३

पहिला ओमेश. औषधाच्या खिडकीतला हा पोरगेला माणूस गोंदियातच वाढलेला, अर्धं हिंदी बोलणारा. त्याच्या खिडकीशी वाकलो तर वॉर्डातल्या बझरच्या स्पीकरवर चिकटपट्टीचा पांढरा डाग दिसला.

"ही पट्टी कोणी लावली होती?"

त्याचा चेहरा उतरला. "सर, मैंने लगाई थी. दिवसभर कान फाटतो ना. पर आठ दिन हो गये, मॅडमनं झापलं तेव्हाच काढली. माँ कसम."

क्षणभर मला वाटलं, सापडलं! काल पट्टी होती, म्हणून आवाज नाही. पण रचना म्हणत होती की पडदाही लाल झाला नाही. चिकटपट्टीने स्पीकरचं तोंड बंद होईल, पडद्याचा रंग कसा जाईल? ओमेशचा उपयोग संपला. नोंदणीच्या कॉम्प्युटरचा पासवर्डही त्याच्याकडे नव्हता.

दुसरे कुंजीलालजी. वय अडुसष्ट. तहसीलमध्ये टायपिस्ट म्हणून निवृत्त झाले आणि इथे नोंदणीच्या टेबलावर बसले. रुग्णाचं कार्ड तेच टाइप करतात. मॅडमना जुन्या कागदी कार्डासारखंच कार्ड हवं होतं, म्हणून मी तेव्हा एक मोठी कोरी चौकट ठेवली होती. त्यात नाव, गाव, वय, रक्तगट, ॲलर्जी, सगळं कुंजीलालजी ओळीखाली ओळ स्वतः लिहितात. मान कागदाकडे, बोटं कीबोर्डवर. पडद्याकडे ते बघतच नाहीत. पडद्याकडे बघणारा टायपिस्ट कच्चा, असं त्यांचं ठाम मत.

त्यांची कार्डं सुरुवातीला प्रोग्रामला वाचताच येईनात, हे मला आठवलं. चहा पिता पिता अर्ध्या तासात मी काहीतरी दुरुस्त केलं होतं. काय केलं होतं, ते मात्र काही केल्या आठवेना.

"कुंजीलालजी, शालीकरामचं कार्ड तुम्हीच केलं ना?"

"मीच केलो. ॲलर्जी लिवलो का नाई ते पाहून घे. तीस वर्षांत साहेबानं माझी चूक काढली नाई," ते गुरगुरले. मग आवाज खाली आला. "माझी मुन्नीबाई बी इथंच भरती हाय, सात नंबरले. साखरेनं पाय चिघळला. रात्रभर ताप होता, आता कुठं झोपली. घरी कोनी नाई, म्हणून मी कामावर बसून राहिलो. तुह्या बहिणीनं तिची लय सेवा केली, बाप्पा. तिच्या हातून असं काऊन होईल?"

"काल बझर नाही वाजला, आज वाजला, म्हणजे मधे कोणीतरी काहीतरी केलं. काल सायंकाळी इथे कोणी बसलं होतं?"

"हेमेंद्र, तुहाच विद्यार्थी. मॅडमनं मशीन तपासाले बोलावलं होतं. धा मिनटं माझ्या खुर्चीत बसला. आन् आज सकाळी मी पहिल्याच बाईचं नाव टाइप केलो, कागदावर पाहतो तं सारा कचरा! एबीसीडी! तो पोट्टा कीबोर्ड इंग्रजी करून गेला होता. मी कायले इंग्रजी करू? मी आयुष्यात मराठीतून बाहेर नाई निंगलो."

बोलताना त्यांनी शालीकरामच्या कार्डाची प्रत समोर टाकली. भरतीच्या दिवशी छापलेली, फाईलमध्ये लावलेली. मी ती उचलली आणि पडद्यावरचं कार्ड शेजारी उघडलं.

शब्द न् शब्द सारखा. तरी काहीतरी निराळं होतं. काय, ते कळत नव्हतं, आणि मला उगाचच भयंकर भीती वाटायला लागली.

४

ॲलर्जी या शब्दापुढचे दोन ठिपके.

कागदावर ते किंचित पोकळ होते आणि अक्षराला चिकटलेले. पडद्यावर ते भरीव होते आणि अक्षरापासून जरा सुटे. एवढाच फरक. बारीक अक्षरात बघितलं तर देवालाही दिसला नसता.

मी दुसरं कार्ड उघडलं. तिसरं उघडलं. दहा उघडली. बाण दाबून अक्षराअक्षरावरून पुढे गेलो. या दहा कार्डांत ठिपके आधीच्या अक्षराबरोबर एकदमच ओलांडले जात होते, फक्त शालीकरामच्या कार्डात ठिपक्यांवर वेगळं थांबावं लागत होतं. मग दोन्हींचा आतला नंबर काढला. कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, नंबर दिसतो. दहा कार्डांतल्या ठिपक्यांचा नंबर होता २३०७. तो विसर्ग, दुःख या शब्दात असतो तो. शालीकरामच्या ठिपक्यांचा नंबर ५८. तो साधा अपूर्णविराम, इंग्रजी कीबोर्डवरचा.

आणि मला लख्ख आठवलं. टाइपरायटरवर वाढलेले कुंजीलालजी मराठी कीबोर्ड सोडतच नाहीत, त्यामुळे शब्दापुढे त्यांच्या हातून नेहमी विसर्गच पडतो. तीन वर्षांपूर्वी चहा पिता पिता मी प्रोग्राममध्ये एका ओळीखाली दुसरी ओळ घातली होती. पहिली अपूर्णविरामवाली ॲलर्जी शोधायची, दुसरी विसर्गवाली. डोळ्यांना दोन्ही ओळी हुबेहूब एक.

मी प्रोग्राम उघडला. वर तारीख होती, शेवटचा बदल गेल्या शनिवारचा. आणि तिथे आता एकच ओळ होती, अपूर्णविरामवाली.

हेमेंद्र पटले माझाच विद्यार्थी, कुडव्यात राहतो. वर्षभरापूर्वी मीच या प्रोग्रामची देखभाल त्याला सोपवली होती. मी निरोप दिला आणि तो वीस मिनिटांत आला. नमस्कार करताना नजर जमिनीवर.

"शनिवारी काय केलंस?"

"साफसफाई, सर. एक ओळ दोनदा होती. एक काढली. तुम्हीच शिकवलं ना, तेच ते दोनदा लिहायचं नाही."

शिकवलं होतं. दर बॅचला फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत आलोय.

"आणि काल सायंकाळी?"

"काही नाही सर. मशीन ठीक होतं."

 भांडण ही माझ्याने होणारी गोष्टच नव्हे. पण भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते आणि रचना दाराशी उभी होती.

"हेमेंद्र, ऐक. रचना खोटं बोलत असती, तिने मशीनमध्ये टाकलंच नसतं, तर हे कार्ड बदलायची कोणाला गरज पडली नसती. कार्ड जसंच्या तसं राहिलं असतं. पण कोणीतरी त्यातले दोन ठिपके पुसून दुसरे दोन ठेवले. म्हणजे बझर काल वाजला नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि का वाजला नाही तेही. ओमेशकडे पासवर्ड नाही. कुंजीलालजी इंग्रजी कीबोर्डला हात लावत नाहीत. काल त्यांच्या खुर्चीत बसून कीबोर्ड इंग्रजी कोणी केला?"

तो खाली बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

"मी घाबरलो सर," तो म्हणाला. "काल आलो, पाहिलं, आणि समजलं मले. प्रोग्राम दुरुस्त केला असता तं वर कालची तारीख पडली असती. मॅडमच्या लक्षात आलं असतं. म्हणून एवढंच कार्ड ठीक केलं. म्हटलं, बाकीचे हळूहळू करीन, चार दिवसांनी, सगळं शांत झाल्यावर..."

"बाकीचे?"

 बाकीची सगळी कार्डं. कुंजीलालजींनी टाइप केलेलं एक न् एक कार्ड. त्यातल्या कोणासाठीही बझर वाजणार नव्हता. आणि मॅडमनी सकाळी दहा वेळा वाजवून सगळ्यांना सांगितलं होतं, मशीन ठीक आहे, बिनधास्त द्या.

"रचना, चार वाजता कोणाला आहे ते इंजेक्शन?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सात नंबर," ती म्हणाली. "तापासाठी आजच सुरू होऊन राहिलं. मुन्नीबाई."

५

सात नंबरची खाट वॉर्डाच्या टोकाला. मी धावलो. आयुष्यात कधी धावलो नव्हतो तसा धावलो, एका स्टुलाला धडकलो, गुडघा फुटला, ते नंतर कळलं. रचना माझ्या पुढे होती.

रचनाच्या जागी आलेली बदली नर्स मुन्नीबाईच्या उशाशी उभी होती. कॉम्प्युटरचा पडदा पांढरा. बझर गप्प. म्हातारी तापाच्या गुंगीत, तोंड उघडं, दंडावर ओला कापूस फिरवलेला. नर्सच्या हातात भरलेली सुई.

"थांब!" रचना ओरडली.

"मशीननं अडवलं नाही," नर्स गोंधळून म्हणाली.

रचनाने तिचं मनगट धरलं. सुई खाली पडली.

आमच्या मागून चपला ओढत कुंजीलालजी आले होते. त्यांनी पांढऱ्या पडद्याकडे बघितलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते पडद्याकडे इतका वेळ बघत होते.

"हिचं कार्ड मीच टाइप केलो," ते म्हणाले. "हे औषध हिले चालत नाई. मी लिवलो हाय. मग हे काऊन नाई वाजून राहिलं?"

 मी खाटेचा दांडा धरला. ते खाटेवर बसले आणि बायकोचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

६

पोलीस आले तेव्हा हेमेंद्रने स्वतःच सगळं सांगितलं. त्याने पळून जायचा प्रयत्न केला नाही. मॅडमनी रचनाची माफी मागितली, सगळ्यांसमोर, दोनच वाक्यांत, पण मागितली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे दोष हेमेंद्रचा."

हो म्हणणं किती सोपं होतं. रचना सुटली होती. माझं नाव कुठेच नव्हतं. मी गाडीला किक मारून गोरेगावला निघून जाऊ शकत होतो, आणि खरं सांगतो, एक पाऊल दाराकडे टाकलंही होतं.

"लपवलं ते त्याने, ते वाईटच," मी म्हणालो. "पण ओळ पुसली ती माझ्यामुळे. दोन सारख्या दिसणाऱ्या ओळी ठेवल्या आणि का ठेवल्या हे शेजारी लिहिलं नाही. मलाच तीन वर्षांत विसरायला झालं, त्याला कसं कळणार? माझंही नाव लिहा साहेब."

पोलिसांच्या साहेबांनी लिहिलं. मी बघत होतो. माझं नाव त्या कागदावर उमटलं आणि मला हुडहुडी भरली.

मग मी पुसलेली ओळ परत घातली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं की या दोन ओळी एकसारख्या दिसतात पण एक नाहीत, यातली एकही काढू नये, विचारायचं असेल तर बुद्धभूषण मेश्राम, आणि माझा फोन नंबर. मुन्नीबाईचं कार्ड टाकून बघितलं, वाजलं. मग एकेक करून दोनशे बारा कार्डं तपासली. शेवटचं कार्ड झालं तेव्हा आतून रचना आली. शालीकरामने डोळे उघडले होते. बोलत नव्हता, पण बायकोकडे बघून रडला होता.

मी बाहेर बाकापाशी गेलो. या वेळी नजर चुकवली नाही, म्हणजे चुकवायची फार इच्छा होती, पण नाही चुकवली. सुशिलाबाईंना सगळं सांगितलं. ठिपक्यांचं त्यांना किती कळलं ठाऊक नाही. माझ्या हातून काय राहिलं ते मात्र नीट कळलं. त्यांनी डब्याच्या फडक्याची गाठ आणखी आवळली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आता वाजते?" त्यांनी विचारलं.

"वाजते, बाई."

"वाजवून दाखव."

मी त्यांना वॉर्डात नेलं. शालीकरामचा नंबर टाकला, औषधाचं नाव टाकलं. पडदा लाल झाला आणि बझर किंचाळला. ओमेश खिडकीतून डोकावला, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठली. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," सुशिलाबाई म्हणाल्या. डबा छातीशी धरून त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि आवाज आपोआप थांबेपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता सगळ्यांचं वाजव. मी बसली हाय."

मी पुन्हा खुर्चीत बसलो आणि पहिलं कार्ड उघडलं.